गागोद्याचा विनायक आणि त्याचे आईबाप

डोलवीच्या खाडीकाठी रात्र आता पूर्वीसारखी राहिली नाही. पोलादाच्या कारखान्याचे दिवे उजाडेपर्यंत जळत असतात, महामार्गावरून मालमोटारी धावत असतात, आणि रात्रपाळीची माणसे अवेळी येत-जात असतात. अशा ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घरात निजानीज झाल्यावर मागच्या दाराने बाहेर पडला, तर त्यास हटकणारा कोणी भेटत नाही. सकाळी आईस अंथरूण रिकामे दिसते, किंवा पहाटे परत येताना बाप त्यास धरतो. आणि मग घरात जे होते ते आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक बाप आमच्याकडे आला. मुलगा आठवड्यातून दोन-तीन रात्री चोरून बाहेर जातो, मारले तरी ऐकत नाही, काय करावे, असे त्याने विचारले. आम्ही फारसा विचार न करता सांगितले की, एक रात्र दार लावून घ्या, म्हणजे शुद्धीवर येईल. बापाने तसे केले. पावसाळ्याची रात्र होती. मुलाने दार वाजविले, आईने उठावयास पाहिले, बापाने तिला बसविले. पहाटे दार उघडले तेव्हा ओसरीवर कोणी नव्हते. मुलगा परत आला खरा, पण पाच महिन्यांनी. आणि त्यानंतर त्याने बापाशी मन उघडून कधी भाषण केले नाही. त्या सल्ल्याचा दोष आम्ही आपल्याच माथी घेतो. तेव्हापासून ह्या विषयावर कोणी आम्हांस विचारले की, आम्ही नियम सांगत नाही. आपल्याच पेण तालुक्यात जन्मलेल्या एका मुलाची आणि त्याच्या आईबापांची हकीकत सांगतो.

तो मुलगा म्हणजे विनायक नरहर भावे. पुढे सारा देश त्यांस विनोबा म्हणून ओळखू लागला. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांनी आपले शास्त्र आदराने अभ्यासिले होते आणि ख्रिस्ताच्या शिकवणीचे सार एका पुस्तकात संकलित केले होते. परंतु आज आम्हांस त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्या घराविषयी अधिक लिहावयाचे आहे.

विनायकाचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातील गागोदे ह्या गावी झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे मुलाची पहिली वर्षे आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या सहवासात गेली. रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या. तुळशीस पाणी घातल्यावाचून त्या मुलास जेवू देत नसत. अंगणातला फणस पिकला म्हणजे पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी पोहोचविण्याचे काम त्या मुलाकडेच देत, आणि मग घरच्यांनी खावयाचे. देणारा तो देव आणि स्वतःपुरते राखणारा तो राक्षस, हे त्या माउलीने पुस्तकातून शिकविले नाही, फणसाच्या गऱ्यांनी शिकविले.

गागोदे डोंगराच्या आश्रयाचे गाव. तेथे त्या काळी दिवे थोडे आणि भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ. लहानगा विनायक भीत असे. आईने त्याच्या भीतीची थट्टा केली नाही, आणि भुताचा धाक घालून त्यास घरातही कोंडले नाही. भगवंताच्या भक्तास भुते बाधत नाहीत, तरीही भय वाटलेच तर कंदील घ्यावा आणि देवाचे नाव घेत पुढे व्हावे, असे तिने समजाविले. एकदा रात्री त्याने भिंतीवर भला मोठा मनुष्य उभा पाहिला आणि तो धावत आईकडे गेला. ती त्याचीच सावली होती. आईने त्यास सांगितले की, तो तर तुझा चाकर आहे. तू बसलास की बसतो, तू उठलास की उठतो. मुलाने बसून पाहिले, उठून पाहिले, आणि त्याचे भय गेले.

आम्ही ही लहानशी गोष्ट मुद्दाम सांगितली. पुष्कळ घरांत मुलास रात्री घरात ठेवण्याकरिता अंधाराची भीती घालतात. ती भीती दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत पुरते. मग मूल एकदा बाहेर पडून पाहते, त्यास भूत काही भेटत नाही, आणि आईबापांचे सगळेच बोलणे खोटे असावे असे त्यास वाटू लागते. रुक्मिणीबाईंनी मुलास खरे तेच सांगितले. म्हणून तो पुढेही त्यांच्या शब्दास मान देत राहिला.

नरहररावांचा स्वभाव निराळा. ते शिस्तीचे, मोजके बोलणारे आणि शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ होते. कापडाचे रंग आणि त्यांचे रसायन ह्या विषयात त्यांचे मन रमे. एका दिवाळीस ते बडोद्याहून गागोद्यास येणार होते, तेव्हा ते खाऊ आणतील असे आईने मुलास सांगून ठेवले होते. वडिलांनी एक पुडके हाती दिले. उघडून पाहतो तो त्यात मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके. मुलगा आईस दाखवावयास गेला, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ह्याहून चांगला खाऊ दुसरा नाही, असे तिने सांगितले. पाहा, ती वडिलांच्या विरुद्ध बोलली नाही. मुलाच्या मनात वडिलांविषयी उणेपणा येऊ दिला नाही. आईबाप एकमेकांस मुलादेखत खाली पाहावयास लावतात, तेथे मूल दोघांच्याही हातून निसटते.

विनायक नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर सर्व कुटुंब बडोद्यास गेले. तेथे ह्या मुलास भटकण्याचे वेड लागले. शाळेत त्याची बुद्धी चांगली चाले, गणितात तर फारच. परंतु पाय घरी ठरत नसत. ऊन असो, वारा असो, तो अनवाणी मैलोगणती चाले आणि सोबत मित्रांसही ओढून नेई. गेल्या जन्मी तू वाघ असावास, म्हणून तुला रोज हिंडावयास लागते, असे आई विनोदाने म्हणे.

वडील मात्र ह्या गोष्टी विनोदावर नेत नसत. विनायकाने लहानपणी वडिलांच्या हातचा पुष्कळ मार खाल्ला. हे आम्ही झाकून ठेवीत नाही, कारण विनोबांनीही ते पुढे झाकले नाही. नरहरराव क्रूर नव्हते. मुलास वळण लागावे असेच त्यांच्या मनात होते आणि त्या काळच्या बहुतेक बापांची समजूत तीच होती. तथापि इतका मार खाऊनही मुलाचे हिंडणे थांबले नाही, हे लक्षात घ्यावे. माराने पाय बांधले जात नाहीत. फार तर मूल अधिक सावधपणे बाहेर पडावयास शिकते.

मग एके दिवशी मार थांबला. मुलास आश्चर्य वाटले. दुसऱ्या दिवशीही काही झाले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वडील रागावले आहेत म्हणावे, तर तसेही दिसेना. त्यांनी काही सांगितले नाही आणि मुलानेही विचारले नाही. पुढे जुन्या नीतिग्रंथांतील एक विचार विनायकाच्या दृष्टीस पडला. त्याचा भावार्थ असा की, मुलास सोळावे वर्ष लागले म्हणजे बापाने त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे. तेव्हा त्यास उलगडा झाला. ज्या दिवशी मार थांबला, त्या दिवशी त्यास सोळावे वर्ष लागले होते. बापाने मनात दिवस मोजून ठेविला होता, आणि तो उगवताच आपला हात आवरून घेतला होता.

वाचकहो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे. सोळावे वर्ष हेच आज आमच्या घरांत सर्वांत कठीण वर्ष. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी बापाची काठी अधिक जोराने चालू लागते. नरहररावांनी ह्याच्या उलट केले. त्यांनी मुलास मोकाट सोडले असेही नव्हे. त्याने कोणता विषय घ्यावा, कसे शिकावे, ह्याविषयी त्यांची मते ठाम होती. संस्कृत शिकावे असे आईस वाटत असता वडिलांच्या इच्छेने विनायकाने फ्रेंच घेतले. म्हणजे वडिलांचा अधिकार गेला नाही. केवळ त्या अधिकाराचे हत्यार बदलले.

आता कथेचा अवघड भाग येतो. विनायक कॉलेजात गेला, परंतु त्याचे मन त्या शिक्षणात नव्हते. एके दिवशी आई स्वयंपाक करीत असता तो चुलीपाशी बसला आणि आपली प्रशस्तिपत्रके गुंडाळून जाळू लागला. आईने विचारले, तेव्हा ह्यांची आपणास गरज नाही, असे तो म्हणाला. आज नसेल, पण पुढे लागतील, राहू द्यावीत, असे तिने सुचविले. तो म्हणाला, कधीच लागणार नाहीत. आईने आरडाओरडा केला नाही. पण मुलाच्या मनात काहीतरी मोठे चालले आहे, हे तिने त्या दिवशी ओळखले असावे.

25 मार्च 1916 रोजी तो इंटरची परीक्षा देण्याकरिता म्हणून मुंबईच्या गाडीत बसला. वीस वर्षांचा तरुण, सोबत दोन मित्र. मुंबईस तो पोहोचलाच नाही. वाटेत सुरतेस उतरून त्याने काशीची वाट धरली. वडिलांस त्याने पत्राने कळविले की, परीक्षेस न जाता दुसरीकडे जात आहे. कोठेही गेलो तरी हातून अनुचित काही घडणार नाही, एवढा भरवसा असू द्यावा.

विनोबा थोर झाले म्हणून त्यांचे हे जाणे आम्ही मुलांपुढे कित्ता म्हणून ठेवीत नाही. गाडीत बसविलेला मुलगा परीक्षेस गेलाच नाही, असे पत्र ज्या बापाच्या हाती पडते, त्याच्या छातीत काय होते, हे बापच जाणे. कित्येक आठवडे मुलगा कोणत्या गावी, कोणत्या छपराखाली आहे, हे त्या घरास ठाऊक नव्हते. काशीस गेलेल्या त्या तिघांपैकी एकास तेथेच मृत्यू आला. दूर गेलेल्या मुलाच्या आईबापांस ज्याची भीती वाटते, ते काही वेळा खरेही होते.

शेजारीपाजारी बोलू लागले. त्या काळी घरातून पळालेली मुले पुष्कळदा नाटक कंपनीत सापडत, आणि ते मोठे लांछन समजत. आजकालच्या मुलांस आईबापांची पर्वा नाही, असे सांत्वनाच्या मिषाने सांगणारे लोकही आले. रुक्मिणीबाईंनी त्यांस शांतपणे उत्तर दिले की, आपला विन्या कसल्याही वाईट मार्गाने जावयाचा नाही. त्या गावाच्या बोलण्यास भुलून मुलाविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत बसल्या नाहीत. हा विश्वास आंधळा नव्हता. वीस वर्षे त्या मुलास त्यांनी रोज पाहिले होते, त्याचे खरे-खोटे जाणले होते. विश्वास हा मूल बाहेर पडल्या रात्री उत्पन्न करता येत नाही. तो आधीच्या वर्षांत थोडा थोडा साठवावा लागतो, म्हणजे त्या रात्री उपयोगी पडतो.

काशीस असता विनायकाने गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचला, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादेजवळ कोचरब येथील आश्रमात त्यांस जाऊन भेटला. हा तरुण घर सोडून आला आहे हे कळताच गांधीजींनी स्वतः नरहररावांस पत्र लिहिले. मुलगा आपल्यापाशी आहे, आणि जे आत्मिक बळ मिळविण्यास आपणास पुष्कळ वर्षे लागली ते त्याने कोवळ्या वयात मिळविले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. आमच्या उपदेशक बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कोणाचे मूल रात्री तुमच्या दारी आले, तर त्यास जेवू घाला, निजावयास जागा द्या. परंतु उजाडण्यापूर्वी त्याच्या आईबापांस ते सुखरूप असल्याचे कळवा. मुलाचा विश्वास राखणे आणि आईबापांस अंधारात ठेवणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

विनोबा आश्रमात राहिले. 1917 साली त्यांनी अभ्यासाकरिता एक वर्षाची रजा मागून घेतली, वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन केले, गावोगाव पायी हिंडले, आणि वर्ष भरले त्याच दिवशी परत आश्रमात हजर झाले. ज्याचे पाय लहानपणी घरी ठरत नसत, तो आता सांगितल्या दिवशी परत येऊ लागला होता. हे हिंडणे सोडल्याने झाले नाही, शब्द पाळावयास शिकल्याने झाले.

1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. बडोद्याच्या घरी आई, वडील आणि धाकटा भाऊ असे सगळे अंथरुणास खिळले. गांधीजींनी विनोबांस घरी पाठविले. घर सोडून गेलेला मुलगा दारात आला तेव्हा त्यास दार बंद मिळाले नाही. त्याने आईची शुश्रूषा केली, परंतु 24 ऑक्टोबर 1918 रोजी ती माउली निवर्तली. धाकटा भाऊही त्याच साथीत गेला. आईचे अंत्यविधी पुरोहिताकडून होऊ नयेत असे विनोबांचे म्हणणे होते. वडिलांस ते मान्य नव्हते. विनोबा स्मशानात गेले नाहीत, वडिलांनी आपल्या रीतीने विधी केला. इतक्या मोठ्या दुःखाच्या दिवशी इतका मोठा मतभेद. तरी बापाने मुलास तोडले नाही आणि मुलाने बापास. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे दोघे भाऊही विनोबांच्याच वाटेने गेले. नरहरराव बडोद्यास एकटे राहिले, म्हातारपणी संगीताचा अभ्यास करीत राहिले, आणि 1947 साली वारले.

आईचे एक मागणे मात्र मुलाच्या मनात राहून गेले होते. बडोद्यास ती गीतेवरील प्रवचनास जात असे, पण संस्कृत कळत नसे. मुलाने तिला एक मराठी पद्यानुवाद आणून दिला. तोही तिला अवघड वाटला. मग तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले. त्या वेळी तो कोवळा मुलगा होता. तिला जाऊन बारा वर्षे झाल्यावर, 1930 च्या ऑक्टोबरात, विनोबांनी ते काम हाती घेतले आणि 1931 च्या फेब्रुवारीत पुरे केले. त्या ग्रंथाचे नाव गीताई. त्या नावात आई आहेच. मुलगा हे करू शकेल असे जिने त्याच्या आधी मानले, तिचा शब्द त्याने तिच्या मागे पुरा केला.

पुढे 1951 साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानास आरंभ झाला, आणि विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी हिंडले. 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात रात्रीबेरात्री हिंडणाऱ्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. ज्यांच्या नावाने दारे बंद होत, त्यांच्याशी हा मनुष्य मोकळेपणाने बोलला. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनार येथे त्यांचा अंत झाला.

आता पुन्हा आपल्या डोलवीकडे येऊ. रात्री बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा विनोबा नव्हे, हे आम्ही जाणतो. कोणी जुगाराच्या अड्ड्याकडे जातो, कोणी दारूकडे. कोणी केवळ मित्र बोलावतात म्हणून जातो. कोणी घरातल्या भांडणास कंटाळून पुलावर बसावयास जातो. म्हणूनच शिक्षा देण्यापूर्वी तो कोठे जातो आणि का जातो, हे जाणून घेतले पाहिजे. कारण निराळे तर उपायही निराळा.

पहिल्या रात्री प्रश्न विचारू नयेत. मूल सुखरूप आले ह्याबद्दल देवाचे आभार मानावे, त्यास निजू द्यावे, आणि बापाचा राग निवल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात किंवा होडीवर, जेथे दोघेच असतील तेथे, बोलणे काढावे. आधी त्याचे ऐकावे, मग आपले सांगावे. त्यानंतर नियम घालावा: किती वाजता परत यावयाचे, कोणाबरोबर जावयाचे, कोणास सांगून जावयाचे. नियम थोडे असावेत, पण ते मोडल्यास काय होईल हे आधी ठरवावे, आणि ठरल्याप्रमाणेच करावे. मुलाच्या हाती मोबाईल आहे, तर उशीर होत असल्यास कळविण्याचे काम त्याने त्यावर करावे. मुलगी रात्री बाहेर गेली असेल, तर लोक काय म्हणतील ही चिंता मागे ठेवून ती सुरक्षित आहे ना, ही चिंता पुढे ठेवावी. आणि कोणी तिला धाक घालून किंवा फसवून बोलावीत असेल, तर ते तिला निर्भयपणे सांगता यावे असे घर असावे. मुले चिडून खचून जातील असे बापांनी वागू नये, ही पौलाने कलस्सै येथील मंडळीस लिहिलेली सूचना आपण उपासनेत ऐकतोच. ती घरी पाळावयाची आहे.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत आमच्या लेकरांस तोंडपाठ आहे. त्यातील बापाने दूर असतानाच मुलास ओळखले. त्याअर्थी तो वाटेकडे डोळे लावून होता. त्या पावसाळी रात्री आम्ही एका बापास दार लावावयास सांगितले, हे आमच्याने विसरवत नाही. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, मूल बाहेर असेल त्या रात्री दार लावावे लागले तरी कडी आतून घालून निजू नये. आईबापांपैकी एकाने दिवा ठेवून जागे असावे.